मुलाचें कार्डाचें कर्ज आणि नादारीचा अर्ज

शेतकऱ्याच्या कर्जाविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. पीककर्ज, सोसायटीची थकबाकी, सावकारी, कर्जमाफी हे विषय आमच्या वाचकांस नवे नाहींत. परंतु गेल्या कांहीं वर्षांत शेतकऱ्याच्या घरांत एका निराळ्या जातीचें कर्ज शिरलें आहे, आणि त्याची नोंद सातबाराच्या 'इतर हक्क' या रकान्यांत कोठेंही सांपडत नाहीं. मुलगा शिकून पुण्यास, मुंबईस किंवा नाशकास नोकरीस लागतो. पहिल्या वर्षीं एक बँक त्यास क्रेडिट कार्ड देते. दुसऱ्या वर्षीं दुसरी बँक आपण होऊन फोन करून दुसरें देते. आणि तिसऱ्या-चवथ्या वर्षीं वसुलीचा माणूस गांवीं येऊन ओट्यावर बसतो, तेव्हां कोठें बापास कळतें कीं मुलाच्या डोक्यावर चार-पांच लाखांचें देणें आहे. मग दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, एकरभर जमीन मोडून मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, मुलास नादारीचा अर्ज करूं द्या, म्हणजे एक पैही द्यावी लागणार नाहीं.

आम्ही वकील नव्हें. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों, आणि आमचें आयुष्य फेरफार, बोजे व वाटपाचीं प्रकरणें यांच्यांत गेलें. त्यामुळें जमिनीला हात लागण्याची वेळ आली म्हणजे ओळखीचे शेतकरी विचारावयास येतात. अशा प्रसंगीं आम्ही जें सांगतों तेंच येथें सविस्तर लिहिण्याचा विचार आहे. आमचें मत आधींच सांगतों. जमीन विकण्याची घाई चुकीची आहे, आणि नादारीचा अर्ज हा बहुतेक शेतकऱ्यांच्या मुलांस उपयोगी पडणारा मार्ग नाहीं. परंतु ज्यांस तो खरोखर उपयोगी आहे त्यांनीं केवळ लाजेनें तो टाळावा हेंही आम्हांस मान्य नाहीं.

प्रथम हें कर्ज कोणाचें, तें पाहूं. सज्ञान मुलानें स्वतःच्या नांवावर व स्वतःच्या सहीनें केलेल्या कार्डाच्या देण्यास बाप जबाबदार नाहीं, भाऊ नाहीं, आणि आईही नाहीं. जामीन म्हणून कोणी सही केली असेल तर गोष्ट वेगळी. बापाचें ऋण पुत्रानें फेडावें असा आपल्या धर्मशास्त्राचा जुना दंडक होता, आणि २००५ सालच्या हिंदु वारसा कायद्याच्या दुरुस्तीनें तोही पुढील कर्जांपुरता संपला. कुटुंबाकरितां केलेलें ऋण सोडलें तर मुलाचें ऋण बापानें फेडावें असा दंडक शास्त्रांतही नव्हता. वसुलीच्या माणसाचा मात्र सगळा भर बापाच्या अब्रूवर असतो. तो मुलास पुण्यांत न गांठतां गांवीं येतो तो याचकरितां. रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या हुकुमाप्रमाणें वसुलीकरितां सकाळीं आठच्या आधीं व सायंकाळीं सातच्या नंतर फोन करतां येत नाहीं, आणि ऋणकोच्या घरच्या माणसांस किंवा मित्रांस धमकावणें, चारचौघांत त्याची मानहानि करणें यांसही बंदी आहे. असें कोणी वागल्यास तारीख व वेळ लिहून ठेवावी, बँकेकडे लेखी तक्रार द्यावी, आणि तीस दिवसांत दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावें. त्यास फी पडत नाहीं.

आतां या कर्जाची जात कशी आहे, तें पहा. दोन लाख रुपये देणें असलेल्या एका कार्डाचें गणित घेऊं. व्याज दरमहा साडेतीन टक्के धरलें (कोठें कमी, कोठें जास्त असेल), तर एका महिन्याचें व्याज ७,००० रुपये झालें. त्या व्याजावर वस्तु व सेवा कर शेंकडा १८, म्हणजे आणखी १,२६० रुपये. बँक म्हणते, सगळे पैसे नसतील तर 'किमान रक्कम' भरा. ती शेंकडा पांच धरली तर १०,००० रुपये होते. म्हणजे दहा हजार भरले, त्यांतले ८,२६० व्याजांत व करांत गेले, आणि मुद्दल हाललें अवघें १,७४० रुपयांनीं. मुलानें असें वर्षभर इमानानें भरलें आणि कार्डावर एक रुपयाचाही नवा खर्च केला नाहीं, तरी वर्षाअखेर त्याच्या खिशांतून सुमारें १,१४,००० रुपये गेलेले असतील, आणि देणें दोन लाखांवरून एक लाख ऐशीं हजारांवर आलेलें असेल. किमान रक्कमच भरीत राहिल्यास फेड वर्षानुवर्षें लांबेल अशी सूचना बँकांनीं छापावी असें रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांत आहे. ती छापलीही जाते. परंतु ती बारीक अक्षरांत असते, आणि 'किमान रक्कम' हे शब्द मात्र ठळक असतात.

तेंच दोन लाखांचें कर्ज शेंकडा १४ वार्षिक दरानें तीन वर्षांच्या हप्त्यांवर घेतलें तर महिना सुमारें ६,८३५ रुपये भरून तीन वर्षांत तें मुळासकट संपतें. दरमहा दहा हजार भरून जें संपत नाहीं, तें पावणेसात हजारांच्या आसपास भरून संपतें. हा फरक बापलेकांनीं एकदां कागदावर मांडून पाहिला तर अर्ध्या घरांतील रडारड तेथेंच थांबेल असें आम्हांस वाटतें.

'एवढें व्याज कायद्यानें चालतें तरी कसें?' असा प्रश्न आमच्या पिढीचे लोक हमखास विचारतात, कारण दामदुपट हा शब्द त्यांच्या कानांवरून गेलेला असतो. मुद्दलाहून अधिक व्याज एका वेळीं वसूल करूं नये हा नियम या प्रांतांत हिंदु कर्जदारांस न्यायालयें लावीत असत. परंतु बँकेस तो लागत नाहीं. महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी कायदाही बँकांच्या कर्जांस लागू नाहीं, आणि बँकेचा दर फार आहे एवढ्याच कारणावरून न्यायालयानें जुना हिशेब उकलूं नये असें बँकिंग नियमन कायद्याच्या कलम २१-अ मध्यें आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगानें २००८ सालीं वार्षिक तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणें ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली होती. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २० डिसेंबर २०२४ रोजीं रद्द केला. तेव्हां व्याजाविरुद्ध कज्जा करून कोणी कांहीं मिळवील ही आशा सोडलेली बरी.

नादारीच्या कायद्याची आतां थोडी ओळख करून देतों. आज सामान्य माणसाच्या नादारीस आपल्याकडे दोन जुने कायदे आहेत. मुंबई शहरास १९०९ चा कायदा व त्याचें काम उच्च न्यायालयांत. बाकी महाराष्ट्रास १९२० चा प्रांतिक नादारी कायदा, व त्याचें काम जिल्हा न्यायालयांत किंवा ज्या खालच्या न्यायालयास अधिकार दिले असतील तेथें. २०१६ सालीं दिवाळखोरीचा नवा एकत्रित कायदा झाला व त्यांत व्यक्तींकरितां तिसरा भाग आहे; परंतु तो भाग १ डिसेंबर २०१९ पासून कंपन्यांच्या कर्जास जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरताच चालूं करण्यांत आला. पगारदार, दुकानदार, शेतकरी यांस तो अद्याप लागू केलेला नाहीं. म्हणून आमच्या वाचकाच्या मुलास जावयाचें तें १९२० च्याच दारांत.

त्या दारांत शिरणें सोपें आहे. ५०० रुपयांवर देणें असलें व तें फेडण्याची ऐपत नाहीं असें सकृद्दर्शनीं दाखवितां आलें कीं अर्ज घेतला जातो. सर्व धनकोंचीं नांवें, रकमा व आपली सर्व मिळकत अर्जांत लिहावी लागते. न्यायालयानें नादार ठरविलें म्हणजे परवानगीवांचून कोणत्याही धनकोस त्याच्या अंगावर किंवा मिळकतीवर धांवतां येत नाहीं. हा मोठाच दिलासा आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु त्याच क्षणीं ऋणकोची सर्व मिळकत न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते, आणि शेतकऱ्याच्या मुलाचा विचार येथूनच वेगळा करावा लागतो.

भाडोत्री खोलींत राहणाऱ्या, वडिलोपार्जित कांहींही नसलेल्या कारकुनाच्या मुलाजवळ रिसीव्हरनें घ्यावें असें काय असतें? कपडे, भांडीं, अंथरूण हें दिवाणी कायद्यानेंच सुटतें. भविष्य निर्वाह निधीस हात लागत नाहीं. पण शेतकऱ्याच्या मुलाचा वडिलोपार्जित जमिनींत जन्मतः हिस्सा असतो. सातबारावर एकट्या बापाचें नांव असलें म्हणून तो हिस्सा नाहींसा होत नाहीं. स्वतः शेती कसून तीवरच पोट भरणाऱ्याचें राहतें घर, अवजारें, बैल व बियाणें यांस जप्तींतून सूट आहे. खुद्द शेतजमिनीस तशी सरसकट सूट नाहीं. आणि पुण्यांत नोकरी करणारा मुलगा आपणांस शेतकरी म्हणवूं लागला तर कायदा तें सहसा ऐकत नाहीं. बापाची स्वकष्टार्जित जमीन असेल तर बाप जिवंत असेपर्यंत तींत मुलाचा हिस्सा नाहीं, ही गोष्ट निराळी. म्हणून पहिलें काम म्हणजे जुने फेरफार काढून कोणता गट वडिलोपार्जित आणि कोणता खरेदीचा, हें नक्की करणें. आश्चर्य असें कीं पुष्कळ घरांत हें कोणासच नीट सांगतां येत नाहीं.

आणखी एक कलम आहे, तें आम्ही प्रत्येकास मुद्दाम वाचून दाखवितों. नादार ठरल्यापासून त्यास न्यायालयाकडून मुक्तता मिळेपर्यंतच्या काळांत जी मिळकत त्याच्याकडे येईल, मग ती कमावलेली असो वा वारशानें आलेली असो, तीही रिसीव्हरकडे जाते. म्हणजे मुलाचा अर्ज चालूं असतां, मुक्तता होण्यापूर्वीं, बापानें डोळे मिटले, तर बापाच्या स्वकष्टार्जित जमिनींतीलही मुलाचा वांटा धनकोंच्या दावणीस बांधला जाईल. बापानें मृत्युपत्र करून ठेविलें असेल तर गोष्ट वेगळी. पण तें कितीजण करतात?

यावर कोणी हुशार माणूस उपाय सुचवितो : अर्ज करण्याच्या आधींच मुलाकडून भावाच्या किंवा आईच्या नांवानें हक्कसोड पत्र करून घ्या, फेरफार नोंदवा, आणि मग जा कोर्टांत! हा सल्ला तालुक्याच्या गांवीं चहाच्या टपरीवर फुकट मिळतो, आणि त्याची किंमत तेवढीच आहे. मोबदल्यावांचून केलेलें असें हस्तांतर झाल्यावर दोन वर्षांच्या आंत नादारीचा अर्ज पडून मनुष्य नादार ठरला, तर न्यायालयास तें रद्द करतां येतें. एवढेंच नव्हे, तर धनकोंस चुकविण्याच्या हेतूनें केलेलें हस्तांतर मालमत्ता हस्तांतर कायद्यानेंही रद्द होऊं शकतें. नादारीचा अर्ज नसला तरी. मिळकत लपविणाऱ्या नादारास कैदेची तरतूद आहे ती वेगळीच. आमच्या नोकरींत हक्कसोडीचे असे फेरफार आम्हीं पुष्कळ पाहिले. तलाठ्यानें नोंद घातली, मंडळ अधिकाऱ्यानें ती मंजूर केली, म्हणजे व्यवहार पक्का झाला अशी लोकांची समजूत असते. फेरफाराची नोंद ही महसुलाच्या कामापुरती आहे; ती दिवाणी न्यायालयास बांधून ठेवीत नाहीं.

नादार ठरणें व मुक्त होणें यांत अंतर आहे, तेंही लक्षांत घेतलें पाहिजे. नादार ठरवितांना न्यायालय एक मुदत घालून देतें. त्या मुदतींत मुक्ततेचा अर्ज न केल्यास मूळचा हुकूमच रद्द होण्याची पाळी येते, व सगळे धनको पुन्हां मोकळे होतात. मुक्ततेच्या वेळीं न्यायालय नादाराची वागणूक तपासतें. मिळकतींतून रुपयास आठ आणेही धनकोंस मिळण्यासारखे नसतील, व तसें कां झालें याचें पटण्यासारखें कारण नसेल, तर पूर्ण मुक्तता मिळत नाहीं. फेडण्याची आशा नसतां कर्ज काढलें, उधळपट्टी केली, जुगार किंवा सट्टा खेळला, असें दिसलें तरीही तेंच. आतां कार्डाच्या दर महिन्याच्या हिशेबाच्या कागदाकडे पहा. मनुष्यानें कोठें जेवण केलें, कोणता मोबाइल घेतला, कोणत्या ॲपवर किती रुपये घातले, याची तारीखवार नोंद त्यांत असते. सावकाराच्या चोपडींत ऋणकोचा खर्च कधींच लिहिलेला नसे. येथें तो धनकोच्याच हातांत तयार आहे. ज्याचें कार्ड दवाखान्याच्या बिलांनीं भरलें, त्यास न्यायालयांत बोलावयास जागा आहे. ज्याचें ऑनलाइन खेळांनीं व शेअरबाजाराच्या सट्ट्यानें भरलें, त्यानें आधीं हा कागद वकिलास दाखवावा आणि मगच अर्जाची भाषा करावी.

तोंवर मुक्त न झालेल्या नादारास स्थानिक संस्थेच्या निवडणुकींतून आलेली जागा धरतां येत नाहीं, आणि आपण नादार आहोंत हें न सांगतां ५० रुपयांवर उधार घेणें हा गुन्हा होतो. होय, पन्नास रुपये! १९२० च्या कायद्यांतील आंकडा जसाच्या तसा आहे.

मग करावें काय? आमच्या परिचयाच्या एका घरीं जें केलें तें सांगतों. वडिलोपार्जित सहा एकर, बाप, दोन मुलगे. धाकटा शहरांत नोकरीस, पगार ३८,०००. तीन कार्डांचें मुद्दल ४,२०,००० रुपये, आणि बँकांची मागणी ६,१०,००० ची. बापानें एकरभराचें गिऱ्हाईकही ठरविलें होतें, आणि गिऱ्हाईक, अडलेल्याकडून घ्यावें तसें, पडत्या भावानें मागत होतें. आम्हीं त्यांस सांगितलें कीं आधीं सौदा थांबवा, कार्डें कापून टाका आणि हिशेब लिहा. पगारांतून खोलीभाडें व जेवण जाऊन १३,००० रुपये उरत होते. छत्तीस महिन्यांचे होतात ४,६८,०००. म्हणजे मुद्दल निघत होतें. निघत नव्हतें तें व्याज व दंड. अशा माणसानें नादार होण्याचें कारण नाहीं. त्यास हवी आहे ती तडजोड.

तडजोडीस बँका तयार असतात, कारण या कर्जास तारण नसतें. २०२३ च्या जून महिन्यांत रिझर्व्ह बँकेनें तडजोडीविषयीं सर्व बँकांस आपापलें धोरण ठरविण्यास सांगितलें आहे. त्या घरीं दोन बँकांशीं लोकअदालतींत मिटलें. लोकअदालतीस कोर्ट-फी नाहीं, तिच्या निवाड्यास हुकूमनाम्याचें बळ असतें व त्यावर अपील नसतें. तिसऱ्या बँकेनें ऐकलें नाहीं. तेव्हां थोरल्या भावानें रीतसर वाटप करून घेऊन धाकट्याच्या हिश्श्यांतील एक एकर गांवच्या चालू भावानें, नोंदणीकृत खरेदीखतानें घेतलें, आणि खरेदीचे पैसे धाकट्याच्या हातीं न देतां थेट त्या बँकेच्या खात्यांत भरले. जमीन घरांतच राहिली, आणि व्यवहारांत लपवाछपवी कांहीं नव्हती. धाकट्यास ही गोष्ट गोड लागली नाहीं, पण कर्ज त्याचें होतें. थोरल्याच्या बायकोस तर मुळींच गोड लागली नाहीं. तिचे दागिने बँकेंत ठेवूनच ती रक्कम उभी राहिली होती. अशा वेळीं घरांतील बायकांस आधीं विचारावें, मागाहून सांगूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

तडजोड करतांना दोन-तीन गोष्टींकडे डोळेझांक होऊं नये. आंकडा बँकेच्या पत्रावर लेखी आल्याशिवाय पैसे भरूं नयेत; वसुलीवाल्याच्या मोबाइलवरील शब्दावर तर मुळींच नाहीं. पैसे भरल्यावर येणें नसल्याचा दाखला घ्यावा. पुढच्या तारखांचे धनादेश देऊं नयेत, कारण धनादेश वटला नाहीं तर दिवाणी देण्याचा फौजदारी खटला होतो. बँकेच्या खात्यांतून आपोआप हप्ता कापण्याची परवानगी दिली असेल तर तेथेंही हाच धोका आहे, आणि नादारीचा अर्ज त्या खटल्यापासून बचाव करीत नाहीं. तडजोड झालेल्या कर्जाची नोंद पतपत्रिकेंत वर्षानुवर्षें राहते व पुढें घरकर्ज मागतांना आडवी येते, हें खरें आहे. पण थकलेल्या कर्जाची नोंदही राहतेच. एक रुपया घेऊन सर्व कार्डें 'सेटल' करून देतों अशी जाहिरात करणाऱ्या मध्यस्थांपासून चार हात दूर रहावें.

आणि बँक दाव्यासच उभी राहिली तर? तरीही आकाश कोसळत नाहीं. हुकूमनाम्याची रक्कम हप्त्यांनीं देण्याची सवलत न्यायालय देऊं शकतें. पगार जप्त झाला तरी त्यांतील पहिले हजार रुपये व उरलेल्याचे दोन-तृतीयांश सुटतात. ३१,००० पगार असेल तर महिना १०,००० च्या पलीकडे जप्ती जात नाहीं, आणि एकाच हुकूमनाम्यापोटीं ती एकंदर चोवीस महिन्यांच्या पुढें चालत नाहीं. ऐपत नसलेल्या माणसास केवळ देणें आहे म्हणून तुरुंगांत घालतां येत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें १९८० सालींच स्पष्ट केलें आहे. उद्यां पोलीस येणार अशी धमकी ऐकून जीव नकोसा झालेल्या मुलास हें कोणीतरी शांतपणें बसवून सांगितलें पाहिजे. तो मुलगा पुष्कळदां बापापासून तोंड लपवितो. बापानें आपण होऊन गाडी धरून त्याच्याकडे जावें, आणि पहिल्या दिवशीं कर्जाचा आंकडासुद्धां विचारूं नये.

आतां ज्यांनीं अर्ज करावा असें आम्हांस वाटतें, त्यांच्याविषयीं. ज्याचें देणें सर्व खर्च काटून उरणाऱ्या उत्पन्नांतून पांच-सहा वर्षांतही निघण्यासारखें नाहीं. ज्याच्या नांवें किंवा हिश्श्यास विकण्याजोगें कांहीं नाहीं. ज्याच्यावर चार ठिकाणीं चार दावे आहेत. आणि ज्याचें कर्ज आजारपणानें, नोकरी सुटल्यानें, किंवा बुडालेल्या प्रामाणिक धंद्यामुळें झालें आहे, त्यानें खुशाल नादारी मागावी. 'आमच्या घराण्यांत कोणी दिवाळें काढलें नाहीं' हें वाक्य आम्हीं फार ऐकलें आहे. तेंच घराणें हातउसने घेऊन, सोसायटींतून मुलाकरितां बापानें खोट्या कारणानें उचल करून, महिना पांच टक्क्यांनीं खासगी सावकाराकडून काढून कार्डवाल्यास पोंचवितें, आणि त्यास अब्रू म्हणतें. धनकोंस समान वांटणी देऊन, सगळें उघड मांडून, न्यायालयासमोर हात जोडणें यांत आम्हांस तरी अब्रू जाण्यासारखें कांहीं दिसत नाहीं.

या प्रांताच्या शेतकऱ्यास तर नादारी परकी नाहीं. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें सावकारांच्या चोपड्या जळल्या, त्यानंतर चार वर्षांनीं, १८७९ सालीं, दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांकरितां केलेल्या त्या कायद्यांत शेतकऱ्याच्या नादारीचें एक स्वतंत्र प्रकरणच होतें. पैशाच्या हुकूमनाम्यापोटीं शेतकऱ्यास कैद नाहीं, आणि खास गहाण न दिलेली त्याची जमीन विकावयाची नाहीं, अशीं कलमें परक्या सरकारनें लिहिलीं. तो कायदा आज अस्तित्वांत नाहीं. गहाण न ठेवलेल्या जमिनीस तेव्हां जें संरक्षण होतें, तें आज दिवाणी कायद्यांत तशा स्वरूपांत सांपडत नाहीं.

२०१६ च्या कायद्याचा जो भाग अजून पेटींत बंद आहे, तोही जसाच्या तसा बाहेर आल्यानें फार भागेल असें नाहीं. त्यांत गरीब ऋणकोस 'नवा आरंभ' देण्याची एक सोपी वाट आहे. पण वार्षिक उत्पन्न ६०,००० च्या आंत, मिळकत २०,००० च्या आंत, कर्ज ३५,००० च्या आंत आणि स्वतःचें घर नसलेला, अशासच ती खुली आहे. साठ हजार वार्षिक उत्पन्न म्हणजे महिना पांच हजार. एवढ्या मिळकतीच्या माणसास कार्ड देते कोण? आमच्या मतें शेतकरी संघांनीं येत्या वार्षिक सभांतून दोन ठराव करून सरकारकडे पाठवावे : या मर्यादा आजच्या भावमानाप्रमाणें वाढवून तो भाग सर्वांस लागू करावा, आणि खास तारण न दिलेली, कुटुंब स्वतः कसत असलेली ठराविक क्षेत्रापर्यंतची जमीन १८७९ प्रमाणें साध्या देण्याच्या जप्तींतून वगळावी. क्षेत्र किती असावें याबद्दल कोरडवाहू व बागाईत मुलखांत मतभेद होतील, हें आम्ही जाणतों. कोरडवाहूस पांच एकर व बागाईतास दोन एकर हा आंकडा आम्ही चर्चेकरितां पुढें ठेवितों. कोणास तो कमी किंवा अधिक वाटत असल्यास त्यांनीं आपापल्या तालुक्याचा अनुभव कारणांसह संपादकांकडे लिहून पाठवावा.